टिकटिकीला खाली-भरी नसते

काकांना सा. न.
मी फोंड्याचा, वय ३१. शाळेत असताना सात वर्षं तबला शिकलो. चवथीला वाड्यावरच्या आरतीत घुमट वाजवतो. दोन वर्षांपूर्वी हरमलला एक परदेशी वादक मायदेशी परतताना सामान विकत होता, त्याच्याकडून कोंगांची, म्हणजे हाताने वाजवायच्या उंच क्युबन ढोलांची, जोडी घेतली. व्हिडिओ बघून हात बसवला आणि आता पणजीत साल्सा नाचणाऱ्या एका गटाबरोबर वाजवतो. तिथे दोन तक्रारी ऐकाव्या लागतात. एक, माझी लय चढत जाते. दुसरी, मी म्हणे ‘क्लावेच्या उलट्या बाजूला’ जातो. मात्रा तर माझी कधीच चुकत नाही! शेवटी मेट्रोनोम, म्हणजे लयीची टिकटिक देणारं यंत्र, घ्यायचं ठरवलंय. लाकडी घेऊ, डिजिटल घेऊ, मनगटाला बांधायचा थरथरणारा घेऊ, की मोबाइलवरचं ॲप पुरे? घरात इलेक्ट्रॉनिक तबला पडून आहे, त्यावर भागेल का? पाच हजारांच्या आत सांगा. आणि आई आत्तापासूनच म्हणतेय, घरात टिकटिक नको.
आपला, उलट्या बाजूचा

अरे उलट्या बाजूच्या,

तुझं पत्र वाचून मी एकटाच हसलो, कारण या उलट्या बाजूला मीही राहून आलोय. मी नाटकांना तबला वाजवणारा माणूस. तरुणपणी पणजीतल्या एका हॉटेलच्या बँडला बोंगो वाजवणारा हवा होता म्हणून गेलो. पहिल्याच रात्री एक क्युबन चाल निघाली आणि मी सवयीने बेस गिटारमध्ये सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, शोधू लागलो. आपल्या कानाला काय, समेवर खालचा सूर दणकन यायला हवा. या चालींत बेस पहिल्या मात्रेवर बहुधा गप्प असतो. तो चौथ्या मात्रेला वाजतो आणि तोच सूर पुढच्या पहिल्या मात्रेवरून ओढत नेतो. मी त्या चौथीलाच सम समजलो. सगळं गाणं मी एक मात्रा सरकून वाजवलं आणि मनात म्हणत होतो, ही मंडळी कच्ची दिसतात. गाणं संपल्यावर बेसवाल्याने मान वळवून शांतपणे विचारलं, “बाब, तूं खंय आशिल्लो?” म्हणजे, कुठे होतास?

म्हणून यंत्राकडे वळण्याआधी दुखणं कुठे आहे ते बघू. नाहीतर पैसे जातील आणि दुखणं तिथंच राहील.

क्लावे म्हणजे दोन काठ्यांवर वाजणारे पाच ठोके. एका आवर्तनाची १६ घरं धर, म्हणजे आपला तीनतालच. फक्त इथे दोन घरांची मिळून एक मात्रा, म्हणजे आठ घरांत चार मात्रा. साल्सात जो सोन क्लावे चालतो त्याचे ठोके १, ४, ७, ११ आणि १३ या घरांवर पडतात. पहिल्या आठ घरांत तीन, पुढच्या आठांत दोन, म्हणून त्याला तीन-दोन म्हणतात. गाण्याचा मुखडा दुसऱ्या अर्ध्यापासून उठला की तोच दोन-तीन होतो. रुंबा या दुसऱ्या क्युबन प्रकारातल्या क्लावेत फक्त तिसरा ठोका एक घर उशिरा पडतो, ७ ऐवजी ८ वर. एवढ्याशा फरकाने चालीचा चेहरा बदलतो.

आता तू कोंगावर जो तुंबाओ, म्हणजे ठरलेला ठेका, वाजवतोस तो बघ. तळहाताची टाच, बोटं, चापट, बोटं, टाच, बोटं आणि मग दोन खुले ठोके. मी तो शिकवताना बोल करून देतो: ग त टक् त, ग त धुम् धुम्. हा आठ घरांचा आहे. म्हणजे तुझे हात आठ घरांवर फिरून परत येतात आणि तुला वाटतं आवर्तन झालं. गाण्याचं आवर्तन मात्र १६ चं आहे. त्यातला कुठला अर्धा चालू आहे हे तुझ्या हातांना माहीतच नाही. मात्रा चुकत नाही हे तुझं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि त्या नाचणाऱ्यांचंही खरं आहे. एकाच कोंगावरच्या तुंबाओत हे खपून जातं. पण दोन्ही कोंगांवर वाजवायला लागलास की मोठ्या कोंगाचे ठोके बहुधा तीनच्या बाजूला यायला हवेत. तिथे ते दोनच्या बाजूला पडले की नाचणाऱ्याच्या पायाला खडा लागतो.

तीनतालात ही अडचण तुला कधी आली नाही, कारण तिथे पहिला अर्धा भरी, डग्ग्याच्या घुमाऱ्याचा; नवव्या मात्रेला खाली येते, डग्गा बंद होतो आणि आवर्तनाचे दोन अर्धे कानाला वेगवेगळे लागतात. क्युबन संगीतात ते काम क्लावे करतो. मेट्रोनोमच्या टिकटिकीला खाली-भरी नसते. टिक, टिक, टिक, टिक, सगळ्या सारख्या. म्हणजे तू जे दुखणं घेऊन दुकानात निघालायस, ते टिकटिकीने बरं होणारं नाहीच. तुझ्या गुरुजींनी तुला रियाज कशावर करायला लावला होता? लेहऱ्यावर, म्हणजे आवर्तनभर फिरत राहणाऱ्या सुरावटीवर. लेहरा नुसती लय देत नाही, आवर्तनाचा आकार देतो. मध्ये कुठेही कान दिलास तरी सम किती लांब आहे ते कळतं. कोंगासाठी तुला लेहराच हवा आहे, आणि इथला लेहरा म्हणजे क्लावे.

आता तुझी यादी घेऊ.

लाकडी मेट्रोनोम दिसतो फार देखणा. आम्सटरडॅमच्या विंकेलने १८१४ च्या सुमारास तो शोधला, मेल्झेलने १८१५ मध्ये पेटंट घेऊन नाव केलं, आणि आजही त्याच्या पट्टीवर साधारण ४० ते २०८ असे आकडे असतात. पियानोवर ठेवायला ठीक. टेबल जरा कलतं असलं की तो लंगडतो, आणि तुझ्या पहिल्या चापटेला तो ऐकूही येणार नाही. शोकेससाठी हवा असेल तर आईला विचार.

थरथरणारा, घड्याळासारखा बांधायचा, हा बहिरं करणाऱ्या ढोलताशात किंवा मंचावर उपयोगी पडतो. पण हाताने वाजवायच्या वाद्याला मनगट हीच वाईट जागा. ठोका मारलास की हाड थरथरणार, त्यात यंत्राची थरथर शोधायची कुठे? बांधायचाच तर पोटरीला किंवा छातीला बांध. तरीही तो लय सांगेल, बाजू सांगणार नाही.

इलेक्ट्रॉनिक तबला विकू नकोस, पण या कामाला लावू नकोस. तो तीनताल वाजवणार आणि प्रत्येक समेला तुझ्या पाठीवर थाप देणार. नेमकी तीच थाप तुला काही महिने विसरायची आहे. का ते पुढे सांगतो.

डिजिटल मेट्रोनोम घ्यायचा असेल तर अट एकच: त्यात क्लावे भरलेला असावा. कोर्गच्या केडीएम मालिकेतल्या यंत्रांत सोन आणि रुंबा, दोन्ही क्लावे, तीन-दोन आणि दोन-तीन अशा दोन्ही बाजूंनी येतात. दुकानदाराला तेवढं वाजवून दाखवायला सांग. ‘सगळं आहे त्यात’ या उत्तरावर पैसे काढू नकोस. इअरफोनचं भोक आहे ना तेही बघ. आणि पावसाळ्यात महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेव. आपल्या हवेत आत राहिलेला सेल गळला की यंत्राचं काय होतं ते माझ्या कपाटात बघायला मिळेल.

पण खरं सांगू का, तुला मी मोबाइलवरचं ॲपच सांगेन, आणि तेही मेट्रोनोमचं नव्हे. १६ चौकोनांची पट्टी असलेलं ताल भरायचं ॲप घे, ज्याला स्टेप सिक्वेन्सर म्हणतात. फुकटात मिळतात. १, ४, ७, ११, १३ या चौकोनांवर बोट ठेव, लाकडी ठोक्याचा आवाज निवड, झाला तुझा क्लावे. दुसऱ्या ओळीत १, ५, ९, १३ वर अगदी बारीक आवाजात टिक ठेव. उद्या रुंबा क्लावे हवा तर ७ चा चौकोन विझवून ८ चा पेटव. तयार यंत्रात क्लावे येतो, पण इथे तू तो स्वतः घरं मोजून मांडतोस, आणि मांडताना अर्धं पाठ होतं. ॲप निवडताना फक्त दोन गोष्टी बघ: इंटरनेट नसताना चाललं पाहिजे आणि मध्येच जाहिरात वाजता कामा नये. सातव्या घराला ‘आजच कर्ज मिळवा’ ऐकू आलं की रियाजाची वाट लागते.

उरलेल्या पैशांतून क्लावेच्या काठ्या घे, किंवा ओळखीच्या मेस्ताकडून, सुताराकडून, करवून घे. वीतभर लांब, इंचभर जाड, गोल आणि कठीण लाकडाच्या. खैर किंवा शिसम मिळाला तर उत्तम. हवानाच्या गोदीत जहाजांच्या फळ्या जोडायला ज्या लाकडी खुंट्या लागत त्यांतून हे वाद्य निघालं असं सांगतात, तेव्हा मेस्ताला लाज वाटायचं कारण नाही. एक काठी डाव्या हाताच्या पोकळ ओंजळीवर नुसती टेकवायची, आवळायची नाही, नाहीतर आवाज मरतो. आणि एक गंमत सांगतो. स्पॅनिश ‘क्लावे’ हा शब्द लॅटिनमधल्या किल्लीवरून आला, आणि पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेली ‘चावी’ही त्याच मुळाची. वाद्याचं नाव आपण रोज खिशात घालून हिंडतो.

आता पहिली तक्रार, लय चढते ती. याचं कारण तुझ्या तबल्यातच आहे. आपण समेकडे धावायला शिकलेलो असतो. तिहाई, म्हणजे तीनदा तोच बोल, घ्यायची आणि समेवर आदळायचं, त्यातच दाद. आरतीही शेवटाकडे चढते आणि चढली नाही तर कुणाला गोडही लागत नाही. आता तुंबाओ बघ: त्यातले दोन सर्वांत मोठे ठोके, धुम् धुम्, सातव्या आणि आठव्या घरावर आहेत, समेच्या अगदी उंबऱ्यात. तुझ्या हाताला ती आमद, समेवर येण्याची चाहूल, वाटते. तो पळत सुटतो, आणि समेवर आपटायला जातो तर तिथे काय, टाचेचा एक मुका ‘ग’. दर आठ घरांनी केसभर पुढे सरकलास तरी चार मिनिटांच्या गाण्यात नाचणाऱ्याला धाप लागेल. म्हणून म्हटलं इलेक्ट्रॉनिक तबल्याची समेवरची थाप नको. मेट्रोनोम वापरलास तर त्यातलाही पहिल्या टिकेचा मोठा ‘टिंग’ बंद कर.

यावरचा उपाय टिकटिकीनेच होतो, पण ती कमी करून. साल्सा मिनिटाला साधारण १६० ते २२० मात्रांच्या दरम्यान चालतो. १८० ला प्रत्येक मात्रेवर टिक लावलीस तर कानात पाऊस पडेल, शिकणार काही नाही. आधी ती ९० वर आण, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर टिक येते. आठवडाभराने ४५ वर आण, म्हणजे दर चार मात्रांना एकच टिक. आणि आता खरी मेख: ती टिक पहिल्या मात्रेवर समजायची नाही. ती चौथीवर, म्हणजे पहिल्या ‘धुम्’वर समजायची. ‘धुम्’ टिकेच्या आधी पडला की चोर जागेवरच पकडला जातो. पहिले दोन दिवस चिडशील. ठोका टिकेवर अचूक बसला की टिक ऐकूच येत नाही, यंत्र बंद पडलं की काय असं वाटतं. तसं वाटलं की समज बरोबर चाललंय.

मग आवाज मधूनमधून गाळायला लाग. ॲपमध्ये दोन आवर्तनं आवाज आणि दोन आवर्तनं शांतता अशी सोय असेल तर ती लाव. बॉसच्या डीबी-९० सारख्या मोठ्या यंत्रांत ती असते, पण तेवढ्यासाठी ते घेऊ नकोस. ॲपमध्ये एक भरलेली आणि एक रिकामी अशा पट्ट्या एकापुढे एक लावल्या की तेच होतं. शांततेतून बाहेर येताना क्लावे जिथे भेटतो तिथे तू असलास तर लय तुझी झाली. नसलास तर किती पुढे होतास ते कळतं, आणि दोन महिने तू पुढेच असणार, मागे नाही.

दुसरी तक्रार, बाजूची, तिच्यासाठी सुरुवातीला कोंगाला हात लावू नकोस. पढंत कर. हाताने टाळी देऊन क्लावे धर आणि तोंडाने ‘ग त टक् त, ग त धुम् धुम्’ म्हण, दोनदा म्हणजे एक आवर्तन. तीनच्या बाजूला तिसरी टाळी पहिल्या ‘धुम्’वर पडेल. दोनच्या बाजूला पहिली टाळी ‘टक्’वर आणि दुसरी ‘ग’वर पडेल. या तीन गाठी जिभेला कळल्या की कुणी गाणं मधूनच लावलं तरी कुठली बाजू चाललीय ते तुला कळेल. तबलजीच्या जिभेची ही ताकद आहे, ती वापर. व्हिडिओवाल्यांकडे ती नसते.

बेंबे या आफ्रो-क्युबन तालाकडे वळलास तर १६ घरं सोडून १२ वर जावं लागेल. तिथली घंटा १, ३, ५, ६, ८, १०, १२ या घरांवर वाजते. त्याच १२ घरांखाली पाय चारने चालू शकतो, सहानेही चालू शकतो, आणि साधं मेट्रोनोम यातलं एकच काहीतरी दाखवतं. आपल्या पर्वतच्या खाप्रुमामांचा, लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांचा, लौकिक असा की हातापायांनी ते वेगवेगळे ताल एकाच वेळी धरत. तेवढं तुझ्यामाझ्याकडून व्हायचं नाही, पण हाताने घंटा आणि पायाने आधी चार, मग सहा, एवढं करून बघ. ॲपच्या दोन ओळी आळीपाळीने गप्प करता येतात, त्याचा इथे उपयोग होतो.

एक गोष्ट कुठल्याच यंत्रात मिळणार नाही. रुंबातला ठोका बऱ्याचदा मात्रेच्या चार आणि तीन भागांच्या विभागणीच्या मधोमध कुठेतरी पडतो, ना इथे ना तिथे. चौकोनांच्या पट्टीवर त्याला घरच नाही. त्यासाठी माणसांची रेकॉर्डिंग ऐकायची. क्युबातल्या मातान्सास गावच्या लोस मुन्येकितोस या रुंबा संचापासून सुरुवात कर. हा संच १९५२ पासून वाजवतोय, आणि युनेस्कोने २०१६ मध्ये क्युबन रुंबाला जी मान्यता दिली ती या असल्या मोहल्ल्यांतल्या मंडळींमुळेच. पहिले काही दिवस ड्रम नकोच, काठ्या हातात घेऊन त्यांच्याबरोबर नुसता क्लावे धर.

इअरफोनबद्दल. वायरचा घे, आणि एकाच कानात घाल. कोंगाचा आवाज मोठा असतो, त्याच्यावर मात करायला कानातला आवाज वाढवत नेलास तर काही वर्षांनी लयही ऐकू येणार नाही आणि आईही. ब्लूटूथवर आवाज थोडा उशिरा पोहोचतो. नुसतं साथीला वाजवताना त्याने बिघडत नाही, कारण उशीर शेवटपर्यंत तेवढाच राहतो. पण पडद्यावरचे पेटणारे चौकोन बघत वाजवलंस किंवा स्वतःला रेकॉर्ड केलंस की डोळा एक सांगेल आणि कान दुसरं. रेकॉर्ड तर रोज कर, शेवटची पाच मिनिटं. लगेच ऐकू नकोस, जेवण झाल्यावर ऐक. वाजवताना आपण सगळे उस्ताद असतो.

राहिली आई. इअरफोनने टिकटिकीची तक्रार मिटेल, पण मला वेगळंच सुचतंय. चवथीला तू घुमट वाजवतोस तेव्हा लय कोण धरतं? कांसाळेवाला, झांज धरणारा. तो काही करामत करत नाही, पण घुमट आणि शामेळ हे दोन्ही ढोल त्याच्या जिवावर उड्या मारतात. तुझ्या घरी तो कांसाळेवाला आई होऊ शकते. आयुष्यभर फुगडीला आणि भजनाला टाळी धरलेल्या बाईला पाच ठोके जड नाहीत. तीन-दोन, सोन, रुंबा असलं काही सांगू नकोस. संध्याकाळी दिवा लागल्यावर काठ्या तिच्या हातात दे, टाळी वाजवून दाखव आणि म्हण, एवढं दहा मिनिटं धर, मी काहीही केलं तरी सोडू नको. यंत्र तुझ्याबरोबर फरफटत येत नाही आणि बोलतही नाही. ती लय चढली की काठ्या खाली ठेवून विचारेल, कुठे निघालास एवढा घाईने. दोन आठवड्यांनी मला कळव, तिने किती वेळा काठ्या खाली ठेवल्या.

तुझा,
काका